लेकीला टेक्निकल हायस्कूलला जायचंय (मॅसॅच्युसेट्स) - अनुभव हवेत

ओसरी

नमस्कार मंडळी,

आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो. धाकटी आठवीत आहे. इथे आठवीतच ठरवावं लागतं की गावच्या हायस्कूलला जायचं, का आजूबाजूच्या गावांनी मिळून चालवलेल्या रीजनल व्होकेशनल टेक्निकल हायस्कूलला अर्ज करायचा. आमच्याकडे हा प्रश्न येईल असं कधी वाटलंच नव्हतं. गावचं हायस्कूल नावाजलेलं आहे, घर घेतलं तेच त्या शाळेकडे बघून, थोरला तिथूनच कॉलेजला गेला. पण मिडल स्कूलने मुलांना टेक्निकल शाळा दाखवायला नेलं आणि बाईसाहेब घरी आल्या त्या "मला इलेक्ट्रिकल घ्यायचंय" म्हणतच. इलेक्ट्रिकल म्हणजे इंजिनिअरिंग नव्हे, वायरिंग.

त्यांच्या ओपन हाउसला आम्ही दोघंही गेलो, खरं तर तिची समजूत काढायची तयारी करूनच. इलेक्ट्रिकलच्या शॉपमध्ये (म्हणजे वर्कशॉपमध्ये) लाकडी फ्रेमच्या छोट्या छोट्या खोल्या उभ्या केल्यात. आतलं वायरिंग दिसावं म्हणून भिंती उघड्याच ठेवल्यात. बारावीची एक मुलगी बेंडरवर धातूचा पाइप वाकवून दाखवत होती. पाइप चार इंच बाजूला घ्यायचा होता, दोन्ही वाक तीस अंशांचे. तिने पेन्सिलने आठ इंचांच्या अंतरावर दोन खुणा केल्या, बेंडर पायाने दाबून धरला, दांडा ओढला, पाइप फिरवून पुन्हा ओढला. टेप लावली तर बरोबर चार. नवऱ्याने विचारलं, आठच का? म्हणाली, तीस अंशांना दोनाने गुणायचं, पंचेचाळीसला एक पूर्णांक चार दशांशाने, कोनाच्या साइनने भागलं की हे आकडे येतात. नवरा व्हीजेटीआयचा. परत येताना गाडीत फारसा बोलला नाही.

तर विचारायचं असं की या शाळेतून पुढे कॉलेजचा रस्ता बंद होतो का? एक आठवडा वर्ग आणि एक आठवडा शॉप, अशी पद्धत आहे म्हणे, मग अभ्यासाचं काय? आणि सासूबाईंना हे कसं सांगायचं, यावरही कुणाकडे काही असेल तर द्या.

खडूस_काकू

सगळे गोड बोलतील म्हणून मीच सुरुवात करते. आठवीतल्या पोरीच्या म्हणण्यावर एवढी चांगली शाळा सोडायची? माझ्या लेकाला त्या वयात ड्रमर व्हायचं होतं. व्हिसा, ग्रीन कार्ड, सगळ्या रांगांत उभ्या राहून इथवर आलात ते मुलीने लोकांच्या तळघरांत वायरी ओढाव्यात म्हणून? छंद म्हणून करू दे की, उन्हाळ्यात एखादा क्लास लावा. राग नसावा.

आडवाटेचा

काकू, राग नाही, पण इलेक्ट्रिशियनला घरी बोलावल्यावर बिल बघितलंय का कधी? (हलके घ्या.)

पिंपळपान

माझा मुलगा अशाच एका शाळेत अकरावीला आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

या शाळा सरकारी, म्हणजे पब्लिकच. गावं मिळून डिस्ट्रिक्ट करतात, प्रत्येक गाव आपला वाटा भरतं आणि त्या गावांतल्या मुलांना फी नसते. लेक्सिंग्टन, ॲक्टनवाल्यांना मिनिटमन, वेस्टफर्ड-चेम्सफर्डकडे नशोबा टेक, वेस्टबरो-नॉर्थबरोला असाबेट व्हॅली, बर्लिंग्टन-बिलरिकाला शॉशीन. आपली मंडळी याच गावांत जास्त राहतात, पण पटेलांच्या दुकानात या शाळांचा विषय निघालेला मी तरी ऐकला नाही.

नववीत 'एक्स्प्लोरेटरी' असतं. मुलं थोडे थोडे दिवस एकेका शॉपमध्ये फिरतात: सुतारकाम, प्लंबिंग, ऑटो, कलिनरी, कॉस्मेटॉलॉजी, आरोग्यसेवा, रोबोटिक्स, जे जे त्या शाळेत असेल ते. दर ठिकाणी शिक्षक गुण देतात, शेवटी मूल आपले पसंतीक्रम भरतं आणि शॉप ठरतो. म्हणजे ओसरीताई, तुमची लेक इलेक्ट्रिकल म्हणत जाईल आणि शीट मेटल घेऊन येईल, असंही होऊ शकतं. आमचे चिरंजीव प्रोग्रामिंगच घेणार म्हणून गेले होते. वेल्डिंगच्या शॉपमध्ये शिरले ते तिथेच राहिले. घरातली जुनी खुर्ची, शेगडीचा स्टँड, आईचं तुळशीवृंदावन ठेवायचा चौरंग, सगळ्याला डाग मारून झाले आहेत.

आठवडा-आठवड्याचं म्हणाल तर वर्गाच्या आठवड्यात इंग्रजी, गणित, शास्त्र, इतिहास, सगळं असतं. राज्याची एमकॅस परीक्षा बाकीच्यांना जी असते तीच यांना. (डिप्लोमासाठी ती पास होण्याची सक्ती नोव्हेंबर २०२४च्या मतदानाने सगळ्याच शाळांची गेली, परीक्षा आहेच.) पण वेळ निम्मा होतो हे खरं आहे. एपीचे विषय (हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे) गावच्या शाळेपेक्षा बरेच कमी मिळतात, आणि भाषा, संगीत, इतर ऐच्छिक विषय यांची तर वानवाच. ज्याला पाच-सहा एपी घेऊन मोठ्या नावाच्या कॉलेजात जायचंय त्याने इथे येऊ नये, हे मी स्पष्टच सांगतो. साधारण चांगलं कॉलेज मात्र मिळतं. डिप्लोमा बाकीच्यांसारखाच पूर्ण हायस्कूलचा असतो आणि वर राज्याच्या 'चॅप्टर ७४' कायद्याखालचं व्यवसायाचं प्रमाणपत्र असतं.

अकरावी-बारावीत मार्क, हजेरी आणि शॉपमधलं काम ठीक असेल तर शॉपच्या आठवड्यात बाहेर खऱ्या मालकाकडे पगारी कामाला पाठवतात. त्याला को-ऑप म्हणतात. सकाळी साडेसहाला डबा घेऊन निघणारा मुलगा बघून माझी आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगदी आजोबांसारखा निघाला, मिलला." तिने ते कौतुकाने म्हटलं का काय ते मला अजून कळलेलं नाही.

जुना_फिटर

धागा वाचून राहवलं नाही. अमेरिकेचं नवल वाटणाऱ्यांसाठी सांगतो की असली सोय आपल्याकडेही होती आणि काही जिल्ह्यांत अजून आहे. शासकीय तांत्रिक विद्यालय. मी नववी-दहावीला 'टेक्निकल' घेतलं होतं. गावातल्या तीन-चार हायस्कूलांची पोरं ठरलेल्या दिवशी सायकली मारत एका केंद्रावर जमायची. मराठी-इतिहास आपापल्या शाळेत, वर्कशॉप आणि ड्रॉइंग तिथे. दोनचार विषय वगळून त्याऐवजी हे.

पहिलं काम म्हणजे फायलिंग. लोखंडी तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि कानशीने घासत बसायचं. सर येऊन गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावायचे आणि तुकडा खिडकीकडे धरायचे. फटीतून उजेड दिसला की तुकडा परत हातात. काही बोलायचे नाहीत. तळहाताला फोड आले की घरी कळायचं, आज प्रॅक्टिकल होतं.

पुढे पॉलिटेक्निकला टेक्निकलच्या पोरांसाठी काही जागा राखीव असत, त्यातून माझा नंबर लागला. नंतर १९८८-८९च्या सुमारास अकरावी-बारावीला एमसीव्हीसी आलं, किमान कौशल्याचे कोर्स. योजना कागदावर वाईट नव्हती. पण "सायन्सला मिळालं नाही, कॉमर्सला मिळालं नाही, मग टाका एमसीव्हीसीला" असं कॉलेजातले क्लार्कच पालकांना सांगायचे. एकदा असा शिक्का बसला की लेथ कितीही चांगला आणा, उपयोग नाही. ताई, तुमच्याकडे रांग लावून पोरं येतायत हाच मोठा फरक आहे.

खडूस_काकू

फिटरकाका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्हीही शेवटी पॉलिटेक्निकला गेलात ना? आणि तुमच्या मुलांनी टेक्निकल घेतलं का?

जुना_फिटर

नाही घेतलं. एक सीए आहे, एक पुण्यात आयटीत. मी घेऊ दिलं नाही असं नाही, विषयच निघाला नाही घरात.

बखरकार

चर्चा छान चालली आहे, थोडा इतिहास टाकतो, कारण मॅसॅच्युसेट्स हे या सगळ्याचं माहेर.

१९०५ साली तिथे विल्यम डग्लस नावाचा गव्हर्नर होता, ब्रॉक्टनचा बूट कारखानदार. त्याच्या कारकिर्दीत औद्योगिक शिक्षणावर आयोग नेमला गेला आणि १९०६ साली त्याचा अहवाल आला. मुद्दा असा होता की चौदा-सोळा वर्षांची मुलं शाळा सोडून गिरण्यांत आणि किरकोळ कामांत जातात, तिथे काही शिकत नाहीत आणि पुढे तिथेच अडकतात. त्यातून राज्याच्या मदतीवरच्या व्यवसायशाळा निघाल्या. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने केंद्र सरकारचा पैसा देशभर अशा शिक्षणाला मिळू लागला. चार गावांची मिळून एक अशा रीजनल शाळा मात्र बऱ्याचशा १९६० आणि ७०च्या दशकांतल्या. शॉशीन १९७०ची, मिनिटमन १९७४ची (तिची आताची इमारत २०१९ची).

या धाग्यावरचं भांडण नवं नाही. १९१५ साली राज्याचे शिक्षण आयुक्त डेव्हिड स्नेडन आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांच्यात 'न्यू रिपब्लिक' साप्ताहिकात जाहीर वाद झाला. स्नेडन वेगळ्या व्यवसायशाळांच्या बाजूचे. ड्यूईंचा हाताने शिकण्याला विरोध मुळीच नव्हता, उलट त्यांचा सगळा भर करून शिकण्यावर. त्यांचा आक्षेप असा की चौदाव्या वर्षी मुलांची दोन रस्त्यांवर वाटणी केली तर आहे त्या कारखानदारीला हवे तसे कामगार बनतील, नागरिक बनणार नाहीत. हेच ड्यूई बाबासाहेबांचे कोलंबिया विद्यापीठातले गुरू, आणि बाबासाहेब तिथे नेमके १९१३ ते १९१६ या काळात होते.

म्हणून मला ओसरीताईंच्या सासूबाईंची भीती समजते. आपल्याकडे कामाची विभागणी हायस्कूलच्या फॉर्मवर होत नव्हती, ती जन्मावर होत होती. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीमची परिषद भरवली, सूत कातण्यातून गणित आणि भूगोल शिकवायचा विचार मांडला. वर्ध्यातच ती किती जणांनी आपल्या पोरांसाठी घेतली ते बघा. हत्यार धरायला कुणाची ना नव्हती, आपल्या मुलाने धरू नये एवढंच. आजही बंगलोरच्या किंवा बॉस्टनच्या दिवाणखान्यात 'डिग्निटी ऑफ लेबर'वर बोलायला सगळे तयार असतात, फॉर्म भरायची वेळ आली की घसे कोरडे पडतात.

आडवाटेचा

बखरकार, +१. शेवटचं वाक्य माझ्या बायकोला वाचून दाखवलं. जेवण उशिरा मिळालं.

रानजाई

मला वेगळंच विचारायचंय आणि ते थोडं बोचेल.

या शाळांत जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त येतात. २००३ पासून शाळांना मार्क, हजेरी, वर्तन, शिफारस, मुलाखत यांवर मुलं निवडायची मुभा होती. त्याचा परिणाम काय व्हायचा तो झाला. ज्या मुलाचं वर्गात जमत नाही पण हात चांगला आहे, घरी इंग्रजी बोलत नाहीत, बाप दोन नोकऱ्या करतो म्हणून हजेरी कमी आहे, तेच मूल यादीतून खाली जायचं. ज्यांच्यासाठी शाळा काढल्या तेच बाहेर. न्यू बेडफर्डसारख्या गरीब शहरांतून यावर सतत आवाज उठत होता, तिथले महापौरही बोलत होते. शेवटी मे २०२५ मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळाने ठरवलं की अर्ज जास्त असतील तिथे लॉटरी. हजेरी आणि गंभीर शिस्तभंग तेवढा थोडाफार बघता येतो.

मी वूस्टरकडे सोशल वर्कर आहे. माझ्याकडची मुलं या यादीत अडकलेली मी पाहिली आहेत. ओसरी, तुमच्या मुलीला गावची उत्तम शाळा हाताशी आहे. चार वर्षं इलेक्ट्रिकल करून ती पुढे इंजिनिअरिंगच्या कॉलेजला जाणार असेल, आणि आपल्या घरांत ते होणारच, तर ती जागा ज्याला लायसन्सच हवंय अशा कुणाची असायला नको का?

खडूस_काकू

घ्या. आता माझ्या बाजूने आणखी एक कारण मिळालं.

रानजाई

काकू, माझी बाजू तुमची नाही. तुम्हाला ती शाळा नको आहे कारण ती तुम्हाला खालची वाटते. मला ती जपून वापरायला हवी आहे कारण ती चांगली आहे.

पिंपळपान

रानजाई, तुमचा मुद्दा निम्मा मान्य. पण चौदा वर्षांच्या मुलीकडून "मी कॉलेजला जाणार नाही" असं लिहून घेणार का? मग तर ड्यूई म्हणत होते तीच वाटणी झाली. जागा कमी असतील तर वाढवा म्हणून टाउन मीटिंगला (गावाच्या खर्चावर मत देतात त्या सभेला) हात वर करायला हवा. आमच्या गावात नव्या शॉपसाठी पैशांचा ठराव आला तेव्हा सभागृहात देशी चेहरे मोजके होते. गावच्या हायस्कूलच्या ठरावाला मात्र खुर्च्या पुरत नाहीत.

श्टुटगार्टकर

इकडे जर्मनीत आमच्या राज्यात चौथीनंतरच शिक्षकांची शिफारस येते, मूल कुठल्या शाळेत जावं याची. दहा वर्षांचं पोर. मराठी आयाबायांची झोप त्या वर्षी उडते. पुढे आउसबिल्डुंगमध्ये (कंपनीत काम करत घ्यायच्या व्यवसायशिक्षणात) आठवड्यातले एकदोन दिवस शाळा, बाकीचे कंपनीत आणि कंपनी भत्ता देते. व्यवस्था मजबूत आहे, मान आहे, पण एका रुळावरून दुसऱ्या रुळावर यायचं तर बराच वळसा पडतो. तुमच्याकडे एकाच शाळेत दोन्ही कागद मिळतायत, हे मला तरी बरं वाटतं.

टेस्टरवाली

मी न्यू जर्सीत बांधकाम कंपनीत साइटवर असते, दिवसभर इलेक्ट्रिशियन लोकांबरोबरच काम.

आधी काकूंना एक गंमत. आमच्याकडे व्होकेशनल शाळा काउंटीच्या असतात. बर्गन काउंटी अकॅडमीज, जिच्यासाठी आपले लोक सहावीपासून क्लास लावतात, ती बर्गन काउंटी टेक्निकल स्कूल्सचीच शाळा आहे. लिंक्रॉफ्टची हाय टेक्नॉलॉजी हायस्कूल मॉनमथ काउंटीच्या व्होकेशनल डिस्ट्रिक्टची. तिथे नंबर लागला की पेढे वाटतात. पाटीवर व्होकेशनल मोठ्या अक्षरांत नाही, एवढाच काय तो फरक.

आता ओसरी, मुलगी म्हणून जे बघायचं ते सांगते. त्या शॉपमध्ये सध्या किती मुली आहेत ते विचार. एकटीच असेल तर पहिलं वर्ष जड जातं, तीनचार असल्या की काही वाटत नाही. शिक्षकांत कुणी बाई आहे का बघ. सेफ्टी बूट तिच्या मापाचे आधीच घे, शाळेच्या यादीतले बहुधा मुलग्यांच्या मापात मिळतात आणि सैल बुटाने शिडी चढणं धोक्याचं. केस बांधलेले, कानात-गळ्यात-हातात काही नाही, अगदी काळा दोराही नाही. यावर आजी रुसतील, आधी सांगून ठेव. को-ऑपला जाईल तेव्हा साइटवर बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे हे पहिल्या दिवशी विचारायला शिकव, लाजू नकोस म्हणावं.

आणि लायसन्सचं गणित तिला आत्ताच कळू दे. तुमच्या राज्यात जर्नीमन (म्हणजे शिकाऊपण संपलेल्या) इलेक्ट्रिशियनच्या लायसन्सला आधी लायसन्सधारकाच्या हाताखाली ८००० तास काम आणि ६०० तास वर्ग लागतात, मग परीक्षा. शाळेतले काही तास त्यात धरले जातात, पण बारावी झाली की लगेच इलेक्ट्रिशियन झाली असं नाही. पुढची काही वर्षं अप्रेंटिस. अंगमेहनत आहे. जानेवारीत उघड्या इमारतीत बोटं चालत नाहीत, आणि पन्नाशीतल्या लोकांचे गुडघे गेलेले मी रोज बघते. पैसा चांगला आहे हे सगळे सांगतात, गुडघ्यांचं कुणी सांगत नाही.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार, काकूंचेही. उत्तरं एकत्रच देते.

रानजाई, तुमचा प्रतिसाद वाचून मी दोन दिवस लिहिलं नाही. लेकीला तो जसाच्या तसा मराठीत वाचून दाखवला (तिला वाचता येत नाही, कळतं सगळं). ती म्हणाली, "मग लॉटरीच आहे ना, माझ्यामुळे कुणाला मागे ढकलणार नाहीत." मी म्हटलं तुझी चिठ्ठी टाकली की कुणाची तरी शक्यता कमी होतेच. त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. अर्ज भरायचा असं ठरलंय. नाही लागला तर गावची शाळा आहेच, आणि त्याबद्दल कुरकुर करायची नाही हेही ठरलंय.

टेस्टरवाली, गुडघ्यांचं नवऱ्याला फार पटलं. ८००० तासांचं कळल्यावर लेकीने लगेच कॅल्क्युलेटर काढला, आठवड्याला चाळीस तास धरून जवळजवळ चार वर्षं. "इंजिनिअरिंगलाही चारच," असं वर ऐकवलं.

सासूबाईंना सांगून झालं. फोनवर म्हणाल्या, "करू दे की, पण तिकडचं करंट आपल्यापेक्षा कमी असतं ना?" मी म्हटलं हो, इथे एकशेवीस व्होल्ट. मग म्हणाल्या ठीक आहे. सासरे अजून बोललेले नाहीत.

जुना_फिटर

एकशेवीसही मारतो, त्यांना सांगू नका.

खडूस_काकू

माझं मत बदललेलं नाही. पण अर्ज भरताय तर नीट भरा, मुदत बघा, लोक शेवटच्या रात्री बसतात. आणि ते ओपन हाउस आता पुन्हा कधी आहे? माझ्या पुतणीचा मुलगा सातवीत आहे, तिच्यासाठी विचारतेय.

पिंपळपान

काकू, ओपन हाउस आता पुढच्या शरद ऋतूत. पण बऱ्याच शाळांत कलिनरीची मुलं रेस्टॉरंट चालवतात, बाहेरच्यांनाही जाता येतं. आमच्या इथलं दुपारचंच असतं, शाळेला सुट्टी असेल तेव्हा बंद, म्हणून आधी फोन करा. बेकरीचा कट्टा तिथेच आहे, पाव बाराच्या आत संपतो.